पोळे न जाळता

थंडीत करडई फुलू लागली की आग्या माश्यांचे थवे मराठवाड्याच्या पठारावर उतरतात. बालाघाटाचे कडे, जुने वड, गावातली पाण्याची टाकी, अशी उंच जागा त्यांना हवी असते. तिथे उघड्यावर मीटरभर रुंदीचे एकच पोळे लोंबते. धाराशिवकडे काय किंवा राज्यात इतरत्र काय, आग्या मोहोळ काढण्याची जुनी रीत साधारण एकच होती. काळोखी रात्र गाठायची, टेंभा पेटवायचा आणि पोळे मुळापासून उतरवायचे. ठिणग्यांमागे झेपावलेल्या माश्या होरपळून खाली पडत. मध, मेण, अळ्या सगळे एकत्रच पिळले जाई. हे लोक क्रूर नव्हते. आग्याच्या डंखांनी माणूस दगावतो आणि अंधार व आग सोडून त्यांच्या हाताशी दुसरे काही नव्हते.

माशी जिवंत ठेवून हलवण्याची विद्या आली ती सातेरीमुळे. ही माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाआड एक पोळी बांधते, म्हणून तिला लाकडी पेटी मानवते. सुट्या चौकटींच्या पेटीचे तत्त्व अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली मांडले. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूटन या पाद्र्यांनी दक्षिण भारतात देशी माशीच्या मापाची पेटी बनवली. महाराष्ट्रात या विद्येचे घर झाले महाबळेश्वर. तिथे १९४६ साली मधमाशापालनाचे सरकारी काम सुरू झाले आणि त्याचेच पुढे मध संचालनालय झाले.

त्या वर्षी धाराशिव निजामाच्या राज्यात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले आणि मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला तो १९५६ साली. पेटीचे शिक्षण सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात रुजत होते, तेव्हा हा कोरडवाहू मुलूख वेगळ्याच राजवटीत होता. इथे मधपाळांची परंपरा पातळ राहिली, त्यामागे पावसाइतकाच हा इतिहासही आहे असे मानायला जागा आहे.

सातेरीची वसाहत उचलणे हे सबुरीचे काम. मधपाळ आधी ढोलीच्या तोंडाशी हलका धूर देतो. धुराने माश्या पोटात मध भरून घेतात आणि सौम्य होतात. मग एकेक पोळे कापून, पिलांचा भाग लाकडी चौकटीत बसवून केळीच्या सोपटाने बांधायचा. राणीमाशी सापडली आणि पेटीत गेली की अर्धी लढाई जिंकली, कारण बाकीच्या माश्या तिच्यामागे येतात. पेटीचे दार संध्याकाळी, बाहेर गेलेल्या माश्या परतल्यावरच बंद करतात. चार-सहा दिवसांत माश्या पोळे चौकटीला मेणाने चिकटवतात आणि सोपट कुरतडून टाकतात. फुलोरी माशीचे इवले पोळे तर फांदीसकट कापून दुसऱ्या झुडपाला बांधता येते.

आग्याला मात्र पेटी चालत नाही. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि पुढे तिने मध गोळा करणाऱ्यांना वेगळी रीत शिकवली. अंगभर पोशाख घालायचा आणि पोळ्याचा वरचा मधाचा भाग तेवढा कापायचा. खालची पिले शाबूत राहिली की माश्या तेच पोळे पुन्हा बांधतात. वर्ध्याचे डॉ. गोपाल पालीवाल यांनी ही रीत आदिवासी मध संकलकांपर्यंत नेली. शहरात प्रश्न वेगळा होता, तिथे पोळे दिसले की औषध फवारणारा बोलावला जाई. पुण्यात अमित गोडसे यांनी आपल्या इमारतीतल्या माश्या अशा मारल्या गेलेल्या पाहिल्या, प्रशिक्षण घेतले आणि न मारता पोळी हलवण्याचे कामच हाती घेतले.

धाराशिवला याची निकड अधिक आहे. सूर्यफुलाचे दाणे भरायला माशी लागते आणि करडईलाही तिची मदत होते. गेल्या काही दशकांत ही पिके मागे पडली आणि स्वपरागित सोयाबीनने शिवार व्यापले, म्हणजे माशीचे अन्नच आटले. अशा जिल्ह्यात जाळलेले एकेक पोळे महागात पडते. मे २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मराठवाड्यातही तूर-करडईच्या पट्ट्यात पोळी उचलू शकणारे तरुण तयार करणे सरकारला अवघड नाही.

तोवर गावाने एवढे ओळखले तरी पुरे. पोळे नसलेला, फांदीला नुसताच लटकलेला थवा वाटेतला पाहुणा असतो आणि बहुधा काही दिवसांत पुढे जातो. बांधलेले आग्या मोहोळही फुलोरा सरला की स्वतःहून उठते. तेवढे दिवस टाकीचा जिना बंद ठेवावा, जवळचा रात्रीचा दिवा मालवावा आणि पोरांना दगड मारू देऊ नये.