नापास कोणी होत नाही, पण...

विज्ञान केंद्रातून पोरं बाहेर पडली, की आपला पहिला प्रश्न ठरलेला: "काय शिकलास?" गंमत म्हणजे संग्रहालयं चालवणारेही जवळपास शंभर वर्षं हाच प्रश्न विचारताहेत. उत्तर शोधायची रीत मात्र बदलत गेली.

१९२०च्या दशकात अमेरिकेत येल विद्यापीठाच्या एडवर्ड रॉबिन्सन यांनी प्रेक्षकांवर चक्क पाळत ठेवली. कोण कुठे थांबला, किती सेकंद थांबला, सगळं घड्याळ लावून टिपलं. त्यांचे सहकारी आर्थर मेल्टन यांना तर असंही दिसलं, की दालनात शिरल्यावर बहुतेक माणसं उजवीकडेच वळतात! म्हणजे पाय कुठे गेले ते कळलं. डोक्यात काय गेलं, ते नाही.

मग १९६०च्या दशकात हॅरिस शेटल वगैरे मंडळींनी शाळेचा मार्ग धरला. आधी उद्दिष्टं ठरवायची, मग पाहून आलेल्यांना प्रश्न विचारायचे. थोडक्यात, चाचणी परीक्षा.

नेमकं त्याच सुमारास, १९६९ साली, फ्रँक ओपनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्सप्लोरेटोरियम' उघडलं. (हो, अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपनहायमर यांचेच धाकटे भाऊ.) इथे वस्तूंना हात लावायचा, त्या फिरवून बघायच्या. संग्रहालयात कोणी नापास होत नाही, असं ते म्हणत. मग परीक्षा कशाची घेणार?

यावर मला सगळ्यात आवडलेला उपाय त्याच संस्थेतल्या सू अॅलन यांचा. बेडकांवरच्या एका प्रदर्शनात त्यांनी जोडीने आलेल्या प्रेक्षकांना, त्यांच्या संमतीने, मायक्रोफोन लावले आणि त्यांच्या गप्पा तपासल्या. २००२ साली ते काम प्रसिद्ध झालं. त्यात "अगं, हे बघ!" हेही शिकण्यातच धरलं होतं, आणि "शी, कसला आहे!" हेसुद्धा.

माझा भाचा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातून आला, तेव्हा "काय शिकलास?" वर त्याचं उत्तर होतं, "काही नाही." चार दिवसांनी जेवताना तो चमचा उलटसुलट करत म्हणाला, "मावशी, या बाजूने मी उलटा दिसतो, त्या बाजूने सुलटा. तिथल्या आरशासारखं!" दारातच त्याची चाचणी घेतली असती, तर शून्य मार्क पडले असते.

मोजमाप हवंच. सरकारी पैसा खर्च होतो, तर त्याचा हिशोब द्यायलाच हवा. पण जे सहज मोजता येतं, त्यालाच शिकणं म्हणायची सवय लागली, की प्रदर्शनंही तशीच बनू लागतात: बटण दाबा, उत्तर वाचा, पुढे सरका. मुलं मग रेंगाळणार तरी कशापाशी?