टोहीची जात

पाखरांस माणसांनीं दिलेलीं नांवें व कुळें हा पाखरांपेक्षां माणसांच्या समजुतींचाच इतिहास अधिक असतो. उत्तर अमेरिकेंतील टोही नांवाच्या गाणाऱ्या पक्ष्याची कथा ह्या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे.

पूर्वेकडील टोही सुमारें आठ इंच लांबीचा. नराचें डोकें व पाठ काळीभोर, कुशी तांबूस, पोट पांढरें. त्याचा सारा संसार झुडुपांच्या बुडाशीं. दोन्ही पाय एकदम मागें ओढून तो पाचोळा उडवितो आणि खालचे किडे व बिया टिपतो. म्हणून तो दिसण्यापूर्वीं पाचोळ्याची सळसळच ऐकूं येते.

त्याची हांक हेंच त्याचें नांव झालें. मार्क केट्सबी ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें कॅरोलिनाच्या निसर्गवर्णनाचा ग्रंथ १७३१ च्या सुमारास प्रसिद्ध केला, त्यांत तें आढळतें. आपल्याकडील टिटवीनें जसें स्वतःचें नांव स्वतःच सांगितलें, तसाच हा प्रकार. पंडितांचें मात्र एवढ्यानें समाधान झालें नाहीं. लिनीअसनें १७५८ सालीं लाल डोळ्यांवरून त्याचें लॅटिन बारसें केलें व त्यास युरोपांतील फिंच पक्ष्यांच्या गोतांत बसविलें. पुढें ऑडुबॉननें त्यास बंटिंग म्हटलें. स्वदेश सोडून आलेल्या लोकांनीं परक्या पाखरांस घरचीं नांवें द्यावीं, हें मनुष्यस्वभावास धरूनच झालें. अमेरिकेंतील मूळचे 'स्पॅरो' असेच नांवाचे स्पॅरो. आपल्या अंगणांतील चिमणीशीं त्यांचें निकटचें नातें नाहीं. ही चिमणी तेथें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपांतून नेऊन सोडलेली आहे. टोहीचे खरे भाऊबंद म्हणजे हे अमेरिकन स्पॅरो.

पश्चिमेकडील टोहीच्या पाठीवर व पंखांवर पांढरे ठिपके असतात. १८२७ सालीं स्वेन्सननें ती निराळी जात ठरविली. दोहोंच्या मध्यें गवताळ मैदानें पसरलेलीं. झुडुपांवांचून टोही तेथें राहणार कसा? परंतु प्लॅटसारख्या नद्यांच्या कांठीं झाडी आहे आणि तेथें दोहोंची गांठ पडून संकर होतो. अर्न्स्ट मायर यांनीं १९४२ सालीं जातीची जी व्याख्या मांडली, तिचा भर आपसांतील प्रजननावर होता. हा विचार रूढ होतांच, शतकाच्या मध्यास, दोन्ही टोही एकाच जातीचे ठरले. पुढें हा संकर मर्यादित पट्ट्यापुरताच राहतो असें मानून १९९५ सालीं ते पुन्हां विभक्त करण्यांत आले. २०१० सालीं कॅलिफोर्निया टोही व त्याचे तपकिरी सोबती आनुवंशिक पुराव्यावरून मूळ टोहींच्या गटांतून निघून दुसऱ्या गटांत गेले. नांव मात्र टोहीच राहिलें. २०१७ सालीं टोही व अमेरिकन स्पॅरो यांचें, जुन्या जगांतील बंटिंगांहून वेगळें असें स्वतंत्र कुल मान्य झालें.

ह्या सर्व उलथापालथींत पाखरूं होतें तेथेंच पाचोळा उडवीत राहिलें. बदलली ती आमची कसोटी. प्रथम रंग व चोंच, मग संकर, शेवटीं आनुवंशिक द्रव्य. शास्त्र चंचल आहे, असा निष्कर्ष ह्यावरून कोणी काढील, तर तो आम्हांस मान्य नाहीं. पुरावा मिळतांच स्वतःच्या हातची वंशावळ खोडण्याचें धैर्य हेंच शास्त्राचें खरें बळ. पाखरांच्या जातींची वही पंडितांनीं इतक्या वेळां खोडून लिहिली. माणसांच्या जातींचें बाड मात्र, त्यास निसर्गाचा कोणताच पुरावा नसतां, आम्ही उराशीं धरून बसलों आहों.