छत्तर मंझिल आणि रेणूंची कडी

आज लखनौला जाऊ या, पण इमामबाडा पाहायला नाही. गोमतीच्या काठी अवधच्या नवाबांचा छत्तर मंझिल नावाचा राजवाडा आहे. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंनी तिथे केंद्रीय औषध संशोधन संस्थेचं उद्घाटन केलं आणि नवाबांच्या दालनांत प्रयोगशाळा थाटल्या. 'सहेली' ही स्टेरॉइड नसलेली गर्भनिरोधक गोळी इथलीच. मला मात्र सांगायचंय ते या संस्थेचे पुढे संचालक झालेले रसायनशास्त्रज्ञ तुषार कांती चक्रवर्ती यांच्याबद्दल. आधी हैदराबादला काम करताना २००२ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला होता. त्यांच्या आवडीचा एक विषय होता चक्रीय पेप्टाइड.

अमिनो आम्लांचे मणी ओवले की पेप्टाइडची माळ होते. माळेची दोन्ही टोकं जोडली की कडं. मोकळ्या टोकाकडून माळ कुरतडणाऱ्या विकरांना कड्यात शिरकावच मिळत नाही, शिवाय कड्याचा आकारही फारसा ढळत नाही. म्हणून ते औषधाच्या कामाचं.

निसर्गाने ही युक्ती आधीच वापरली आहे. १९४२ मध्ये सोव्हिएत रशियात गाउझे आणि ब्राझ्निकोवा या दांपत्याला मातीतल्या जिवाणूपासून 'ग्रॅमिसिडिन एस' मिळालं. दहा मण्यांचं कडं! महायुद्धात सैनिकांच्या जखमांवर ते वापरलं गेलं. पण ते जिवाणूंची आवरणं फोडतं, तशाच आपल्या तांबड्या पेशीही फोडतं. त्यामुळे लावायला चालतं, टोचायला नाही. अकरा मण्यांचं सायक्लोस्पोरिन मात्र पोटात घेता येतं, आणि अवयवरोपण त्याच्यामुळेच सुकर झालं.

कडं बनवणं सोपं नसतं. द्रावण दाट असेल तर एका माळेचं टोक दुसरीलाच चिकटतं. म्हणून द्रावण खूप पातळ ठेवायचं. तरीही माळ नीट वळली नाही, तर टोकं भेटत नाहीत. चक्रवर्तींनी वळणासाठी साखरेपासून घडवलेली ताठ अमिनो आम्लं माळेत बसवली. ग्रॅमिसिडिनसारख्या कड्यांतही ती घातली, चुंबकीय अनुस्पंदनाने त्यांचे आकार तपासले आणि जिवाणूंवर त्यांची परीक्षा घेतली. प्रश्न एकच होता: कोणत्या वळणाने कोणता गुण येतो?

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. जुनी प्रतिजैविकं निकामी होत असताना जिवाणू मारणारं आणि रक्त राखणारं कडं हवंच आहे. ते एका झटक्यात सापडणार नाही. आकार आणि गुण यांचं नातं कुणीतरी चिकाटीने उलगडायला लागतं, आणि अशा कामाची बातमी होत नाही. गोळी बाजारात आली की आपण टाळ्या वाजवतो. त्याआधीच्या या वर्षांचा खर्च आपल्या करातून होतो. तो वाया जातो असं कुणी म्हणालं, तर त्याला या कड्यांची गोष्ट जरूर सांगा.