'माइंड' फ्रान्सला गेलं तेव्हा

'माइंड करू नका हं' असं आपण सर्रास म्हणतो, म्हणजे राग मानू नका. 'आज माइंड चालत नाहीये', म्हणजे डोकं. 'त्याचं माइंड चेंज झालं', म्हणजे विचार बदलला. शब्द एकच, पण कामं किती! आता समजा, एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात पानोपानी हा शब्द आहे आणि ते पुस्तक तुम्हाला फ्रेंचमध्ये न्यायचंय. तर काय कराल? आजची गोष्ट हे काम खरोखर केलेल्या माणसाची आहे.

त्याचं नाव पिएर कॉस्त. जन्म १६६८, दक्षिण फ्रान्समधलं उझेस हे गाव. धर्म प्रोटेस्टंट. १६८५ साली चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना असलेलं कायद्याचं संरक्षण काढून घेतलं आणि हजारो कुटुंबं देशोधडीला लागली. त्यातलाच हा कॉस्त. ॲमस्टरडॅमला तो मुद्रितं तपासायची कामं करायचा, भाषांतरं करायचा. १६९७ साली त्याला इंग्लंडमध्ये, एसेक्स परगण्यातल्या ओट्स इथे मॅशम कुटुंबात शिकवणीची नोकरी मिळाली. आणि गंमत बघा, त्याच घरात जॉन लॉक राहत होता! मानवी आकलनावरचा त्याचा प्रसिद्ध निबंध १६९० सालचा. म्हणजे लेखक आणि भाषांतरकार एकाच छपराखाली. शंका आली की जिना चढायचा आणि विचारायचं. यापेक्षा चांगली सोय कुणाला मिळणार?

तरीही 'माइंड' अडलंच.

फ्रेंचमध्ये त्यासाठी मुख्यतः दोन शब्द हाताशी होते. पहिला 'एस्प्री'. हा म्हणजे मन, बुद्धी, पण हजरजबाबीपणासुद्धा, भूतसुद्धा, आणि ख्रिस्ती धर्मातला पवित्र आत्माही. दुसरा 'आम'. (आपल्या आंब्याशी याचा काही संबंध नाही!) आम म्हणजे आत्मा. देकार्तसारख्यांनी विचार करणाऱ्या तत्त्वासाठी तो वापरलेला होता, त्यामुळे तत्त्वज्ञानाच्या वाचकाला ओळखीचा. पण चर्चमधल्या प्रवचनातही तोच शब्द. कॉस्तने काय केलं? कधी एस्प्री वापरला, कधी आम.

आता लॉकच्या सगळ्यात गाजलेल्या परिच्छेदाकडे येऊ. तो म्हणतो, सुरुवातीला आपलं 'माइंड' पांढऱ्या कागदासारखं असतं, त्यावर काहीच लिहिलेलं नसतं. जे उमटतं ते अनुभवातून. १७०० साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या कॉस्तच्या भाषांतरात या जागी दोन बदल दिसतात. 'माइंड'च्या जागी 'आम' आलं. आणि साध्या पांढऱ्या कागदाच्या जागी आली 'ताब्ल राज', म्हणजे पुसून साफ केलेली पाटी, विद्वानांच्या लॅटिनमधली 'टॅब्युला रासा'. आज लॉक म्हटलं की आपल्याला कोरी पाटी आठवते. पण त्या इंग्रजी परिच्छेदात पाटी नाहीच, कागद आहे.

यात एवढं काय बिघडलं? मराठीत करून बघा. 'मूल जन्मतं तेव्हा त्याचं मन कोरं असतं.' सगळे माना डोलावतील. आता म्हणा, 'मूल जन्मतं तेव्हा त्याचा आत्मा कोरा असतो.' लगेच कुणीतरी कीर्तनकार उभे राहतील: अहो, मग पूर्वकर्माचं काय? पुनर्जन्माचं काय? एक शब्द बदलला आणि शिशुवर्गातली चर्चा थेट अध्यात्मात गेली.

प्रामाणिकपणे सांगायचं तर लॉक स्वतःही 'सोल' हा शब्द वापरतो, विशेषतः आत्मा सतत विचार करतो का, या वादात. वादाची ठिणगी त्याच्याच लिखाणात होती. देवाने मनात आणलं तर तो जड पदार्थालाही विचार करायची शक्ती देऊ शकेल, असं त्याने लिहून ठेवलं होतं, आणि त्यावरून इंग्लंडमध्येही बिशपशी भांडण झालं. पण इंग्रजी वाचकाला 'माइंड' आणि 'सोल' हे शब्द वेगळे दिसत होते. फ्रेंच वाचकाला बऱ्याच जागी दोन्हीकडे 'आम'च दिसत होतं.

आणि हा फ्रेंच वाचक म्हणजे जवळजवळ अख्खा युरोप, कारण तेव्हाच्या सुशिक्षितांची सामायिक भाषा फ्रेंच होती. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सचं इंग्रजी कच्चं होतं. कॉस्तचं भाषांतर समोर ठेवून त्याने लॉकला उत्तर म्हणून अख्खं पुस्तक लिहिलं, तेही फ्रेंचमध्ये. त्यात तो विचारतो तो प्रश्न कोऱ्या 'आम'चाच. पुस्तक पुरं होत आलं आणि १७०४ साली लॉक वारला. लायब्निट्सने ते बाजूला ठेवलं. छापलं गेलं ते १७६५ साली.

व्हॉल्तेर इंग्लंडला राहून आलेला, त्याला इंग्रजी येत होतं. पण फ्रेंच लोकांना लॉकची ओळख करून देताना त्यानेही 'आम'चीच चर्चा मांडली. १७३४ साली त्याचं ते पुस्तक पॅरिसमध्ये न्यायालयाच्या हुकमाने जाळलं गेलं. त्याच वर्षी रोमने लॉकचा निबंध निषिद्ध पुस्तकांच्या यादीत टाकला, आणि यादीत नोंद झाली ती फ्रेंच भाषांतराची.

शब्दांचा उलटा प्रवासही तितकाच मजेशीर आहे. माँतेस्क्यूने १७४८ साली कायद्यांच्या 'एस्प्री'वर लिहिलं, त्याचं इंग्रजीत झालं 'स्पिरिट'. एल्व्हेस्यूसने दहा वर्षांनी नुसतं 'एस्प्री'वर लिहिलं, त्याचं इंग्रजीत झालं 'माइंड'. शब्द तोच, पण गाव बदललं की नाव बदललं.

मग कॉस्त चुकला का? मला नाही वाटत. एका पारड्यात पाच अर्थ, दुसऱ्यात दोन शब्द, काहीतरी सांडणारच. खुद्द लेखक शेजारच्या खोलीत असूनही सांडलं. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या भाषांतरित पुस्तकात 'मन', 'चित्त' किंवा 'आत्मा' दिसला आणि त्यावरून रागावावंसं वाटलं, तर क्षणभर थांबा. मुळात कोणता शब्द होता, ते आधी बघा. भांडण लेखकाशी आहे की शब्दाशी, हे तेव्हाच कळेल.

आणि हो, भाग थोडा लांबला, माइंड करू नका. भेटू पुढच्या भागात!