जमिनीखालची भिंत

चाकणच्या किल्ल्याची हकिगत आपण लहानपणी वाचलेली असते. सन १६६० मध्ये शायिस्ताखानाने किल्ल्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने किल्ला लढवला. खंदक होता, तट होता, बुरूज होते. पण मोगलांनी भुयार खणले, बुरुजाखाली दारू ठासली आणि बुरूज उडवून दिला. पहारा वर होता, संकट खालून आले.

या चाकणपासून पिंपरीपर्यंत आज कारखाने उभे आहेत. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि भोसरी-चिंचवडकडची माळराने शेडांनी भरू लागली. पुढे चाकणचीही पाळी आली. हजारो घरांच्या चुली त्यावर पेटल्या, हे विसरून चालणार नाही.

पण यंत्रांच्या भागांना क्रोमियमचा मुलामा द्यायचा म्हणजे क्रोमिक आम्लाचे हौद आले. असा हौद गळला, तर पाणी मुरमात उतरते. दाट असताना ते पिवळे दिसते. पातळ झाले की रंग जातो, विष मात्र राहते. नदीवरचा फेस सर्वांना दिसतो, आणि पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने १९६९ सालीच कायदाही केला. जमिनीखालचे पाणी मात्र गुपचूप उताराकडे सरकत राहते. तामिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा कारखाना बंद पडला. पण मागे राहिलेल्या लाखाहून अधिक टन गाळातून क्रोमियम पुढेही भूजलात झिरपत राहिले. कारखान्याला टाळे लावता येते, झिरपणाऱ्या पाण्याला नाही.

मग ते अडवायचे कसे? जमिनीखाली बांध घालणे आपल्याला नवे नाही. मातीच्या धरणाखाली खोल चर खणून तो चिकणमातीने भरतात, तो गळती थांबावी म्हणून. आपल्या राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने, जी १९७२ पासून पुण्यातून काम करते, नाल्यांच्या तळाखाली कठीण खडकापर्यंत चर खणून भूमिगत बंधारे घातले. खडकातल्या भेगांत सिमेंट भरून पाणी धरून ठेवण्याची युक्तीही तिने वापरली. हेतू एकच, गावाच्या विहिरीला पाणी टिकावे.

विषारी पाण्यापुढे मात्र नुसती भिंत पुरत नाही. अडलेले पाणी तुंबते आणि बगलेने वाट काढते. यावरचा तोडगा कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात सापडला, तोही जवळजवळ योगायोगाने. पाण्याचे नमुने घेण्याच्या नळ्या तपासताना असे आढळले की, धातूच्या सान्निध्यात काही विषारी द्रावके पाण्यातून नाहीशी होतात. रॉबर्ट गिलहॅम यांनी तो धागा धरला आणि १९९१ मध्ये बोर्डन येथील लष्करी तळावर लोखंडाच्या कणांची भिंत जमिनीत घालून पाहिली. ही भिंत पाणी अडवत नाही. ती पाण्याला आरपार जाऊ देते आणि जाता जाता स्वच्छ करते.

१९९६ मध्ये अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातील एलिझाबेथ सिटी येथे, अशीच भिंत घातली गेली: लांबी ४६ मीटर, खोली सुमारे ७.३ मीटर, जाडी ०.६ मीटर. तिथेही दुखणे मुलाम्याच्या कारखान्याचेच होते. लोखंड गंजते ना? त्या गंजण्यातच विरघळलेल्या क्रोमियमचे रूप पालटते. ते कमी विषारी होते, पाण्यात विरघळेनासे होते आणि जागच्या जागी साचून राहते.

कोणी म्हणेल, भोसरीत लेथखाली लोखंडाचा कीस पडलेलाच असतो, खणा चर आणि टाका त्यात! पण तो कीस तेलकट असतो, तसाच टाकून भागत नाही. शिवाय एलिझाबेथ सिटीची जमीन वाळूची. आपला खडक काळा पाषाण. वर थोडा मुरूम आणि खाली भेगा. मुरमात भिंत घातली, तर पाणी भेगेतून तिच्या खालून निघून जाईल, थेट चाकणच्या भुयारासारखे. म्हणून आधी भेगा कुठून कुठे जातात ते शोधायचे, लागतील त्या सिमेंटने बुजवायच्या, पाण्याला भिंतीकडे वळवायचे आणि मग लोखंड घालायचे. भेगा बुजवण्याची विद्या आपल्याकडे आहेच. पाणी राखण्यासाठी शिकलेली ती विद्या पाणी शुद्ध करण्याच्या कामी लावता येईल.

तरीही एवढे ध्यानात असू द्यावे. लोखंडावर कालांतराने पुटे चढतात आणि भिंत थकते. वर हौद गळतच राहिला, तर खालची भिंत किती दिवस पुरणार? तेव्हा पहिला खर्च हौदाच्या तळावर करावा. दुसरा, कारखाना आणि गाव यांच्यामध्ये दोन-चार तपासणीच्या बोअर घेऊन त्यांचे पाणी नेमाने तपासण्यावर. भिंतीचा विचार त्यानंतरचा. फिरंगोजींना भुयाराचा पत्ता वेळेवर लागला नाही. आपल्याला तो लावता येतो. फक्त विहिरीचे पाणी बिघडण्याची वाट पाहत बसता कामा नये.