सोन्याचा कण, प्रकाश आणि उष्णता

तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर वसलेल्या प्रकाशा येथे सन १९५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष सापडले. म्हणजे आपल्या या परिसरात अग्नी आणि धातू यांचे नाते माणसाला तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच ठाऊक होते. विस्तवाने धातू तापतो हे तेव्हापासूनचे ज्ञान. परंतु सोन्याचा सूक्ष्म कण नुसत्या प्रकाशाने कसा तापतो, हे उमगायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. या शोधाचा इतिहास विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे.

नवव्या शतकात, अब्बासी खलिफांच्या काळी, इराकमधील कुंभारांनी मातीच्या भांड्यांवर सोने न वापरता सोन्यासारखी झळाळी आणली. तांबे व चांदी यांचे क्षार लावून भांडी धूर कोंडलेल्या भट्टीत पुन्हा भाजली की, त्या धातूंचे अतिसूक्ष्म कण वरच्या थरात तयार होत. पुढे बसऱ्याला जन्मलेल्या इब्न अल्-हैथम यांनी अकराव्या शतकाच्या आरंभी ‘किताब अल्-मनाझिर’ हा ग्रंथ लिहून प्रकाशाचा अभ्यास प्रयोगाच्या पायावर उभा केला.

लंडनचे मायकेल फॅरडे हे लोहाराचे चिरंजीव. शालेय शिक्षण जेमतेम. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना हाती आलेली पुस्तके वाचून ते विज्ञानाकडे वळले. सन १८५७ मध्ये त्यांनी दाखविले की, सोन्याचे अत्यंत बारीक कण पाण्यात असले तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. सन १९०८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह मी यांनी त्याचे गणित मांडले.

मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. वीसेक नॅनोमीटरच्या सुवर्णकणावर प्रकाश पडला की त्यातील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीच्या तालावर हेलकावे खातात. वाटोळा कण हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून पाणी लाल दिसते. शोषलेला प्रकाश नाहीसा होत नाही. त्याची उष्णता होते आणि ती भोवताली पसरते. लांबट किंवा त्रिकोणी कण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण शोषू शकतो. प्रखर लेसरने लांबट कण इतका तापतो की तो वितळून वाटोळा होतो आणि त्याचा रंगच पालटतो. म्हणजे प्रकाशातून उष्णता, उष्णतेतून नवा आकार, आणि कोणता प्रकाश घ्यायचा हे पुन्हा आकारच ठरवितो.

या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांचे सहकारी यांनी सन २००४ मध्ये गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी कण तयार केले. होय, आपल्या परसातला गवती चहा! हे कण अवरक्त किरण शोषतात. त्यांचा पातळ थर खिडकीच्या काचेवर दिला तर उजेड आत येईल आणि उष्ण किरण अडतील, अशी कल्पना त्यांनी मांडली. आपल्या भागातला उन्हाळा सोसणाऱ्यांना तिचे मोल सांगायला नको.

इजिप्तमध्ये जन्मलेले मुस्तफा अल्-सय्यद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन २००६ मध्ये अमेरिकेत लांबट सुवर्णकण कर्करोगाच्या पेशींना चिकटवून त्यांवर अवरक्त लेसर सोडला. निरोगी पेशींच्या मानाने सुमारे निम्म्याच शक्तीने त्या पेशी मेल्या. हा प्रयोग प्रयोगपात्रातील होता. नेहमीचा उपचार म्हणून ही पद्धत अद्याप रूढ झालेली नाही. ते काम पुढच्या पिढीसाठी शिल्लक आहे.

त्या पिढीत आपली मुले-मुली असतील काय? मुलीच्या लग्नासाठी आपण पोटाला चिमटा घेऊन तोळा-तोळा सोने जमवितो. त्यात गैर काही नाही. परंतु दहावीनंतर तिला विज्ञान शाखेकडे जायचे असेल, तर प्रवेशाची फी आणि एस. टी.चा पास यांसाठीही तीच काटकसर व्हावी. सोन्याचा दागिना पेटीत पडून राहतो. इल्म जाईल तेथे उपयोगी पडतो. लोहाराच्या मुलाने जे केले, ते आपल्या घरातील मुलीलाही अशक्य नाही.