कायरोप्रॅक्टिक चिकित्सा आणि ताणजन्य डोकेदुखी

कायरोप्रॅक्टिक चिकित्सा : मुख्यत्वे पाठीच्या कण्यावर हाताने दाब वा झटका देऊन उपचार करण्याची पद्धती. ती डॅनिएल डेव्हिड पामर (१८४५–१९१३) यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे सुरू केली. मणके जागचे सरकल्याने तंत्रिकांच्या (मज्जांच्या) कार्यात अडथळा येऊन बहुतेक रोग उद्भवतात, असे त्यांचे मत होते. आधुनिक वैद्यकाने ते स्वीकारले नाही. परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ मध्ये पामर यांना कारावास घडला. मात्र १९१३ मध्ये कॅनझस राज्याने या व्यवसायासाठी कायदा केला आणि १९७४ मध्ये लुइझिअ‍ॅनाच्या कायद्यानंतर सर्व राज्यांत त्यास मान्यता मिळाली.

कायद्याच्या मान्यतेने उपचाराची उपयुक्तता सिद्ध होत नाही. ताणजन्य डोकेदुखीत डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी वेदना होते व पुष्कळदा मानेचे स्नायूही दुखतात. त्यामुळे तीवर ही चिकित्सा योजली जाऊ लागली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत, उपचार थांबविल्यावर चार आठवड्यांनी, अ‍ॅमिट्रिप्टिलीन हे औषध घेतलेल्यांपेक्षा ही चिकित्सा घेतलेल्यांची डोकेदुखी कमी आढळली. उलट १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील ७५ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गटांच्या स्नायूंचे मर्दन केले, पण मानेला झटका एकाच गटात दिला. दोन्ही गटांना आराम पडला व त्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे आराम मिळाला तरी तो मणका हलविल्यामुळेच मिळाला, असे ठरत नाही. मानेला झटका दिल्यानंतर तेथील रोहिणीचे आतील अस्तर फाटून मेंदूस इजा झाल्याच्या विरळ घटना नोंदल्या गेल्याने हा भेद रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.